उलटलेला बिल्ला

पहिली स्प्रिंग तुटली तेव्हा पेटी टेम्पोतून पुरती उतरलीही नव्हती. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, पेटीची एक फळी आतून फुटली आणि वीतभर पोलादाचा तुकडा सुसाट निघून समोरच्या भिंतीच्या गिलाव्यात रुतला. पेटी धरलेल्या दोघांनी घाबरून हात सोडले. ती जमिनीवर आदळली आणि आत आणखी एक तुटली.

"खाली बसा! सगळे खाली बसा!" मालकिणीचा धाकटा भाऊ ओरडला.

कारखान्याची मालकीण मात्र उभीच राहिली. भिंतीत रुतलेल्या तुकड्याकडे ती पाहत होती. तो तिच्या कारखान्यात वळलेला, तिच्या देखरेखीखाली जस्ताचा मुलामा चढलेला आणि तिच्याच सहीने बाहेर गेलेला होता. त्याच्या तुटलेल्या टोकाचा दाणा साखरेसारखा पांढरा व मोकळा दिसत होता. निरोगी पोलाद असे तुटत नाही, हे सांगायला तिला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

टेम्पोबरोबर ग्राहक कंपनीचा तपासनीस आला होता. जिन्यावरची, दवाखान्यातली जड लोखंडी दारे आपोआप मिटवणारी यंत्रणा ती कंपनी बनवीत असे. त्या यंत्रणेच्या प्रत्येक सांगाड्यात हातभर लांबीची एक स्प्रिंग बोल्टने आवळून बसवलेली असे. असे दोनशे चाळीस सांगाडे सहा पेट्यांतून परत आले होते.

"घ्या तुमचा माल," तपासनीस टेम्पोच्या आडूनच म्हणाला. "कालपासून अकरा गेल्यात. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. फळीवर नुसत्या ठेवलेल्या. आमच्या फिटरचा अर्धा कान गेलाय, बाई. अर्धा कान!"

"साहेब, चाचणीत तर..."

"चाचणी तुमच्याकडे पास, आमच्याकडेही पास. म्हणून तर मी स्वतः आलो. मला चार वाजेपर्यंत लेखी पाहिजे. चूक काय झाली आणि कुणी केली. माणसाचं नाव पाहिजे. 'तांत्रिक बिघाड' असलं काही लिहून पाठवलंत, तर पुन्हा आमचा नंबर फिरवू नका."

टेम्पो निघून गेला. अंगणात सहा पेट्या उरल्या, आणि त्यांच्यापासून दहा पावले मागे सरकून उभी राहिलेली सोळा माणसे.

येथे त्या कारखान्याची एक रीत सांगितली पाहिजे. पोलादी स्प्रिंग जस्ताच्या हौदातून निघाली, की तिला चार तासांच्या आत भट्टीत घालून आठ तास मंद आचेवर ठेवावे लागते. मुलामा चढताना पोलादाच्या अंतरंगात जो दोष शिरतो, तो अग्नीच बाहेर काढतो. हे अग्निस्नान चुकले तर स्प्रिंग दिसते तेजस्वी, चाचणीही पार करते. पण भार घेऊन स्वस्थ बसली असताना, कोणीही न छेडता, एका क्षणी दुभंगते. म्हणून प्रत्येक ट्रेला तारेने एक पत्र्याचा बिल्ला बांधलेला असे. त्याची एक बाजू लाल होती, दुसरी पांढरी. लाल म्हणजे भट्टी बाकी. भट्टीतून ट्रे निघाला की मुलाम्याचे काम पाहणारे वयोवृद्ध मिस्त्री आपल्या हाताने बिल्ला उलटीत, आणि पांढरी बाजू दिसल्यावरच पॅकिंगवाली माल उचली. मिस्त्रींखेरीज कोणी बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा नियम मालकिणीने पहिल्या दिवशी घातला होता, आणि तो सहा वर्षे अखंड पाळला गेला होता.

"मिस्त्री कुठे आहेत?" तिने विचारले. आवाज शांत होता. धाकट्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले; बहिणीच्या या शांततेची त्याला ओळख होती.

"ताई, आधी या पेट्या मागच्या खोलीत..."

"मिस्त्री कुठे आहेत?"

मिस्त्री हौदाजवळून हात पुसत येत होते. भिंतीतला तुकडा पाहून ते थांबले. त्यांनी तो बोटाने चाचपला, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे भट्टीत गेलेलंच नाही," ते हळूच म्हणाले.

"भट्टी कोण बघतं?"

"मी बघतो, बाई."

"बिल्ला कोण उलटतं?"

"मीच. पण त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय? झोपला होतास? सहा वर्षं खाल्लंस माझं, आणि आता मला खाऊन बसलास?"

'तुम्ही'वरून ती 'तू'वर आली, तेव्हाच अंगणातले सगळे चपापले. तिचा वडीलधारा असलेला तो माणूस मात्र जागचा हलला नाही. तिच्या हातात पाना होता. सकाळपासून तो तिच्या हातात होता आणि तो तेथे आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. तिने हात फिरवला. पाना मिस्त्रींच्या भुवईवर बसला. कातडे फाटले, रक्त डोळ्यात उतरले, आणि म्हातारा एका गुडघ्यावर आला. तिने त्यांची कॉलर धरून त्यांना वर ओढले व पुन्हा हात उगारला.

धाकट्याने मागून तिला कवेत घेतले आणि भिंतीवर रेटले. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने सोडले नाही.

"ताई! मरेल तो माणूस!"

"मरू दे! सोड मला! सोड म्हणते ना!"

"नाही सोडत. अजून चाव. दुसराही हात आहे."

सोळा महिन्यांत तिने एक दिवसही विसावा घेतला नव्हता. आरंभी तिला ते व्रतासारखे वाटले होते, आणि व्रताचा अभिमानही होता. मग तार वळण्याचे मोठे यंत्र जळाले. मग भागीदार दोन गल्ल्या सोडून स्वतःचा कारखाना मांडून बसला आणि जाताना तीन मोठी गिऱ्हाइके घेऊन गेला. ही एकच कंपनी उरली, आणि त्या एका आधाराभोवती तिने आपला सगळा प्राण गुंडाळला. जेवणाचा डबा उघडलेला तसाच राही. समोरच्याचे बोलणे अर्धे ऐकू येई. हात मात्र चालत राहत. उघडा खण दिसला की तो मिटत, तिरका कागद दिसला की सरळ करीत, लोंबणारी दोरी दिसली की गुंडाळीत. मन कोठेही असो, हातांचा कारभार थांबत नसे. आईने फोनवर एकदा विचारले होते, "अगं, तू आहेस तरी कुठे?" आणि तिने उत्तर दिले होते, "कारखान्यात. आणखी कुठे असणार?"

तिला कार्यालयात नेऊन बसवले, तेव्हा तिने पाणी घेतले नाही, कागद घेतला. तपासनिसाला पाठवायचे पत्र लिहिले. चूक: मुलाम्यानंतरची भट्टी वगळली गेली. जबाबदार: मुलामा विभागाचे मिस्त्री. कारवाई: तत्काळ कामावरून दूर. अक्षर सुरेख, ओळी सरळ. खाली सही केली.

धाकट्याने पत्र वाचले. त्याच्या मनगटावर तिच्या दातांची अर्धवर्तुळे उमटली होती.

"त्यांना विचारलंस तरी का, काय झालं ते?"

"काय विचारायचं? बिल्ला त्यांचा, भट्टी त्यांची."

"एकोणतीस वर्षं मुलाम्याचं काम करतोय तो माणूस. हे पत्र गेलं तर या धंद्यात त्याला कुणी उभं करणार नाही."

"आणि नाही गेलं तर आपल्याला कुणी उभं करणार नाही. बोल, कोण हवंय तुला?"

इतक्यात पेट्या हलवून ठेवलेल्या मागच्या खोलीत पुन्हा बार उडाला. लागोपाठ दुसरा. काच फुटल्याचा आवाज आला आणि पॅकिंगवाली धावत आत आली. ती इतकी सडपातळ होती की सगळे तिला टाचणी म्हणत.

"ताई, ती खोली आता खोली राहिली नाही, लढाई झालीय! खिडकी गेली. एक तुकडा माझ्या स्टुलात घुसला. मी स्टुलावर नव्हते म्हणून बोलतेय."

सांगाडे तसेच ठेवणे शक्य नव्हते. प्रत्येकात आवळलेली स्प्रिंग होती, आणि कोणती केव्हा फुटेल याचा नेम नव्हता. एकेक सांगाडा पकडीत धरून त्याचा बोल्ट उलटा फिरवीत भार उतरवणे, एवढाच मार्ग होता. त्या कामाला दोन माणसे लागत, एक धरायला आणि एक फिरवायला.

"मी जाते," मालकीण म्हणाली.

"आणि दुसरं कोण?" धाकट्याने विचारले. "मी येतो."

"तुमचं मनगट सुजलंय, भाऊ. पाना धरता येणार नाही," दारातून मिस्त्री म्हणाले. भुवईवर फडके बांधले होते आणि ते लाल झाले होते. "मी धरतो, बाई फिरवतील. माझ्या हातचा माल आहे."

 दोघांनी चामड्याचे एप्रन चढवले, तोंडावर जाळ्या बांधल्या आणि खोलीचे दार आतून ओढून घेतले.

 मिस्त्री पेटीतून सांगाडा उचलीत, छातीपासून दूर धरून पकडीत बसवीत. ती पाना लावी आणि दातओठ खात बोल्ट सैल करी. स्प्रिंग सुस्कारा टाकून लांब होई. मोकळी झालेली स्प्रिंग पिंपात पडे. पेटीत मधूनच एखादी आपणहून फुटे, तेव्हा दोघेही माना खाली घालीत आणि तुकडे एप्रनच्या चामड्यावर गारांसारखे आदळत. एक तुकडा तिच्या पोटरीत घुसला. तिने तो दोन बोटांनी उपटून फेकला आणि पाना पुन्हा लावला. त्या वेदनेत तिला विलक्षण समाधान होते. जगात निदान एक गोष्ट तरी तिच्या क्रोधाच्या तोडीची होती.

शंभर झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "बाई, एक सांगू?"

"कामाचं असेल तर सांगा."

"त्या दिवशी दुपारी तुम्ही मला हौदाचं पाणी बदलायला पाठवलंत. तीन ट्रे रॅकवर होते, लाल बिल्ल्याचे. ते काम रात्रीपर्यंत चाललं. सकाळी आलो तर रॅक रिकामा. मी तुम्हाला विचारलं, हे भट्टीतून निघाले का?"

तिचा हात थांबला.

"तुम्ही म्हणालात, निघाले म्हणूनच गेले ना, आता मलाही शिकवणार का? मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. ती चूक माझी, ती मी घेतो."

"म्हणजे पहिली चूक माझी, असं म्हणायचंय?"

"टाचणीने पांढरा बिल्ला बघितला म्हणून माल उचलला. तो पांढरा कुणी केला? मी बिल्ला उलटतो तेव्हा तारेच्या आकड्यासकट काढून परत अडकवतो. तार सरळ राहते. त्या तिन्ही तारांना पीळ होता, चिमटीत धरून फिरवल्यासारखा. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करता ना, तसा. टाचणीकडून परत आलेले ते बिल्ले अजून माझ्या कपाटात आहेत."

"खोटं!"

"मी कुणाला दाखवले नाहीत."

"खोटं बोलतोयस तू! नोकरी वाचवायला माझ्यावर ढकलतोस?"

पण ती ओरडत असतानाच तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला व तर्जनीला तार आठवली. रॅकजवळून जाताना कानाला फोन होता. भागीदार हे उरलेले चौथे गिऱ्हाईकही फोडत असल्याची बातमी कोणीतरी देत होते. ट्रे रॅकवर होते, आणि भट्टीत जाणारे व भट्टीतून आलेले ट्रे त्याच रॅकवर उभे राहत, कारण दुसऱ्या रॅकला जागा नव्हती. तीन बिल्ले लाल, बाकी सगळे पांढरे. हातांना ते तिरके कागद वाटले होते. एक, दोन, तीन. हातांनी ते सरळ करून टाकले, आणि मनाला त्याची वार्ताही नव्हती.

ते आठवणे तिला सोसले नाही. तिने पकडीतला सांगाडा ओढून काढला. त्यात स्प्रिंग अजून अर्धी आवळलेली होती.

"बाई, ठेवा तो!"

तिने तोंडावरची जाळी उपटून फेकली आणि तो सांगाडा सर्व शक्तीने समोरच्या भिंतीवर हाणला. तो तेथेच फुटला. भिंतीवरून उलटून आलेला तुकडा तिच्या ओठावर बसला. कडाडले. ती मागे पिंपावर आपटली आणि खाली बसली. तोंडात रक्त भरले होते, आणि जिभेला पुढचे दोन दात जागेवर लागत नव्हते.

मिस्त्री धावले नाहीत. आधी त्यांनी पेटीवर जाड चादर टाकली, मग तिच्यापाशी आले व तिच्या हनुवटीखाली फडके धरले.

"थुंका."

ती थुंकली. एक दात फडक्यावर पडला. तिने त्याकडे पाहिले आणि मिस्त्रींकडे पाहिले. त्यांच्या एका डोळ्याभोवती रक्त वाळून काळे पडले होते.

"बी उलतले," ती म्हणाली. शब्द नीट येईनात. तिने पुन्हा प्रयत्न केला. "मी उलटले. तिन्ही."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं. मग मारलं तेव्हा का नाही बोललात?"

"बोलत होतो. तुम्ही पाना चालवलात."

 ती उठली, जाळी पुन्हा बांधली आणि पाना उचलला. उरलेल्या सगळ्या स्प्रिंगा त्यांनी मोकळ्या केल्या. नऊ वाटेतच फुटल्या. शेवटची पिंपात पडली तेव्हा तीन वाजून गेले होते.

बाहेर येऊन तिने टेबलावरचे पत्र फाडले. नवे लिहिले. त्यावर हनुवटीवरून रक्ताचे दोन थेंब पडले, ते तिने पुसले नाहीत. मग तिने सगळ्यांना अंगणात बोलावले आणि उभ्याने ते वाचून दाखवले. दात नसल्याने काही शब्द हवेतच सांडत होते. चूक: भट्टीत न गेलेल्या तीन ट्रेंचे बिल्ले उलटले गेले. जबाबदार: मालकीण स्वतः. मिस्त्रींनी विचारणा केली होती. मालकिणीने ती उडवून लावली. कारवाई: ही ओळ रिकामी होती, कारण तेथे काय लिहावे हे तिला सुचले नव्हते.

"मिस्त्रींवर मी हात उचलला," ती म्हणाली. "तोही सगळ्यांसमोर. म्हणून सगळ्यांसमोर..." तिने हात जोडले. मिस्त्रींनी मान हलवली. ती होकाराची होती की केवळ ऐकल्याची, हे कोणाला कळले नाही.

चारला दहा मिनिटे असताना धाकट्याने पत्राचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत तपासनिसाचा फोन आला. तो बराच वेळ बोलला. धाकटा "हो, हो" करीत राहिला. मग त्याने फोन ठेवला.

"एक महिना देतायत. नवा माल, प्रत्येक ट्रेची भट्टीची नोंद, आणि त्या प्रत्येक नोंदीवर मिस्त्रींची सही. दुसऱ्या कुणाची चालणार नाही म्हणाले. त्यांनाही मिस्त्री माहीत आहेत."

सगळ्यांचे डोळे मिस्त्रींकडे वळले. ते फडके पिळून वाळत घालीत होते.

"मी करतो," ते धाकट्याला म्हणाले. मालकिणीकडे त्यांनी पाहिले नाही. "पण भाऊ, बाई आत असतील तर मी नाही. राग म्हणून नाही सांगत. आज भुवई गेली. त्या हौदाशेजारी कुणाला ढकललं तर माणूस जाईल, आणि ढकललं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळेल."

"किती दिवस?" धाकट्याने विचारले.

"हा माल जाईपर्यंत. महिनाभर."

"हा कारखाना माझा आहे!" ती ओरडली. "मी उभा केलाय! तू काय, हा काय, मला बाहेर काढणार?"

धाकट्याने पत्र तिच्यापुढे धरले, आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवले. "कारवाई लिहायची राहिलीय, ताई."

"तू माझा धाकटा भाऊ आहेस."

"म्हणूनच सांगतोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू त्याचा हात चावला असतास. माझा चावून झालाय."

मागे कोणीतरी फसकन हसले आणि लगेच गप्प झाले. तिने भावाच्या कानाखाली मारली. त्याने ती घेतली, तिच्या दंडाला धरले आणि तिला अंगणातून फाटकापर्यंत चालवीत नेले. ती अडली, खेचली, पायांनी माती उकरली. त्याने तिला बाहेर उभे केले, तिची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "आईला फोन केलाय. ती घरी येतेय. आधी दाताच्या डॉक्टरकडे जा." मग फाटक लोटून आतून कडी घातली.

तिने दोन्ही मुठी पत्र्यावर आपटल्या. लाथा घातल्या. भावाला, मिस्त्रीला, भागीदाराला, तपासनिसाला आणि स्वतःला, ज्या शिव्या तिला येत होत्या आणि ज्या येत नव्हत्या, त्या सगळ्या दिल्या. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला, आणि तिचे रक्ताळलेले तोंड पाहून झटपट निघून गेला. मुठींची कातडी सोलून निघाली तेव्हा तिने रस्त्याकडेचा एक दगड उचलला.

आत तार वळण्याचे उरलेले लहान यंत्र सुरू झाले.

ती दगड उगारून तशीच थांबली. सूर चुकला होता. तार ढिली होती. दर तिसऱ्या वेढ्याला यंत्र अडखळत होते. तिच्या कानाला ते दाताच्या ठणक्याहून जास्त लागले.

"तार ढिली आहे!" ती फाटकाला तोंड लावून ओरडली. "अरे, ऐकू येत नाही का तुम्हाला? तार ताणा!"

 तिचा आवाज आत पोचला नसावा, किंवा पोचूनही कोणी वळले नसावे. यंत्र पंधरावीस वेढे तसेच अडखळत चालले. मग थांबले. आत मिस्त्रींचा आवाज आला, टाचणी काहीतरी बोलली, कोणीतरी हसले. यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा सूर सरळ होता.

तिने दगड फेकलाच. फाटक दणाणले, पत्र्याला पोचा पडला. यंत्राचा सूर हलला नाही.

ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग तोंडातले रक्त रस्त्याकडेला थुंकली, सोललेल्या मुठी पदरात गुंडाळल्या आणि दाताच्या दवाखान्याच्या दिशेने चालू लागली.